द्रौपदीच्या कोऱ्या चिठ्ठ्या

द्रौपदी आमच्या राहनाळच्या गोडाऊनमध्ये झाडूवाली म्हणून लागली तेव्हा ठेकेदाराने दिलेल्या यादीत तिचं नाव 'दुरपता' असं होतं. मीही तसंच टाईप केलं. आठवड्याने ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झाडू, डोक्याला बांधलेला रुमाल, चाळिशीच्या आतबाहेरची बाई.

"ताई, माझं नाव नीट करा. द्रौपदी हाय ते. आयनं ठेवलंय, ठेकेदारानं न्हाय."

मी नाव बदललं. मी तिथली क्लार्क, निवेदिता. हजेरी, बिलं, पत्रव्यवहार, वरून आलेल्या सूचना टाईप करून भिंतीवर चिकटवणं, हे माझं काम. वडीलही भिवंडीतल्या एका शाळेत क्लार्क होते. जे सांगितलं ते नेटकं लिहून द्यायचं, हे आमच्या घरातलं वळण. द्रौपदीबद्दल लिहायचं म्हणजे मला स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही, म्हणून आधीच सांगते.

आमच्याकडे घरगुती सामान यायचं. काचेच्या बरण्या, कुकर, कुकरच्या रिंगा, डबे. लोक मोबाईलवर ऑर्डर द्यायचे, आमच्या बायका पॅक करायच्या, संध्याकाळी टेम्पो भरून जायचे. बरण्यांची फूट फार होती. परत आलेल्या खोक्यांतली काच झाडायचं काम द्रौपदीचं. ती काच झाडता झाडता खोकं उलटंपालटं करून बघत बसायची. मला वाटायचं कामचुकारपणा करते.

एक दिवस ती आमचे मॅनेजर श्रीनाथ सर यांच्यासमोर एक खोकं घेऊन आली. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना चिरा देऊन एकमेकींत अडकवलेलं खणांचं जाळं होतं. गोंद नाही, टेप नाही. रद्दीतल्या खोक्यांचाच पुठ्ठा. प्रत्येक खणात एक बरणी.

"बरणी बरणीला लागते म्हणून फुटते, सर," ती म्हणाली. "रस्त्यानं न्हाय फुटत. बाजूला कोण बसलंय त्यानं फुटते."

श्रीनाथ सरांनी ते खोकं उचललं आणि टेबलाच्या उंचीवरून खाली टाकलं. उघडून पाहिलं तर सगळ्या बरण्या शाबूत.

"अजून एकदा टाकू?"

"टाका की. पण कोपऱ्यावर टाका. मला कोपऱ्याचीच काळजी हाय."

सरांनी कोपऱ्यावर टाकलं. दोन बरण्या गेल्या. द्रौपदी खोकं घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पुठ्ठ्याची दुहेरी घडी घालून परत आली.

तिचे वडील सावळाराम वज्रेश्वरीच्या बाजारात छत्र्या, टॉर्च, स्टोव्ह दुरुस्त करायला बसायचे. ही लहानपणी त्यांच्या शेजारी बसून स्क्रू हातात द्यायची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन राहनाळला आली. नवरा ट्रकवर क्लीनर होता, तो अपघातात गेला. मागे एक मुलगी, धम्मदिना. ती शिकत होती, आणि ती शिकावी यासाठी द्रौपदी काहीही झाडायला तयार होती.

श्रीनाथ सरांनी तिला झाडूवरून काढून पॅकिंगला घेतलं. पण खरी गोष्ट त्यांनी वेगळीच केली. शटरजवळ उजेड यायचा तिथे एक जुनं टेबल टाकून दिलं, एक कटर आणि पट्टी दिली आणि सांगितलं, "दुपारनंतरचे दोन तास तुझे. काही झालं तर झालं, नाही झालं तर नाही." मी विचारलं, "सर, हजेरीत हे दोन तास कशात दाखवू?" ते म्हणाले, "कामात दाखवा. दुसरं काय?"

त्या टेबलावर पुढच्या पाच वर्षांत काय काय झालं! कुकरच्या तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या रिंगा सारख्याच दिसतात, चुकीच्या जायच्या, गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. द्रौपदीने पॅकिंगच्या प्रत्येक टेबलावर दोन गोल काढले, एक लाल, एक निळा. रिंग आधी गोलावर ठेवायची, बसली तर पिशवीत. चुका थांबल्या. उभं राहून बायकांचे खांदे दुखायचे, तर तिने टेबलांच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती पुढे उतरती केली. कुकरच्या खोक्यांच्या उंच थप्प्या हलायच्या, तर फाटक्या ताडपत्रीच्या पट्ट्या कापून, जुन्या दप्तरांची बक्कलं लावून तिने थप्पीला बांधायचे पट्टे केले. बायका त्याला कमरपट्टा म्हणायच्या. "थप्पी नटली का?" असं एकमेकींना विचारायच्या.

सगळंच जमायचं असंही नव्हतं. टेप कापायचं एक यंत्र ती तीन महिने करत होती आणि शेवटी त्याने तिचाच अंगठा कापला. श्रीनाथ सर पट्टी बांधताना हसत होते, तीही हसत होती. शनिवारी चहाच्या वेळी सर सगळ्यांना विचारायचे, या आठवड्यात काय नडलं? आधी कुणी बोलत नसे. मग गोदू बोलायला लागली. गोदू राहनाळचीच, पस्तिशीची, तोंडाची फटकळ, द्रौपदीची जवळची मैत्रीण. ती नडलेलं सांगायची, द्रौपदी ऐकायची, आणि बुधवारपर्यंत टेबलावर काहीतरी तयार असायचं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी श्रीनाथ सरांना सांगितलं, नागपूरला जा किंवा राजीनामा द्या. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्यांनी राजीनामा दिला. जाताना द्रौपदीला म्हणाले, "टेबल सोडू नकोस."

त्यांच्या जागी मितेश आला. तिशीतला, हुशार, पोशाखात टापटीप. तो कधी ओरडला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं माणसाचं नुकसान ओरडूनच करता येतं. त्याने भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला. त्यावर प्रत्येक बाईचं नाव आणि तासाला किती पॅक केले तो आकडा. साठाच्या वर हिरवा, खाली लाल. दोन महिन्यांनी साठाचे पंचाहत्तर झाले. पावसाळ्याच्या आधी नव्वद. त्यालाही वरून दर तासाला फोन यायचा. तो डबा उभ्याने खायचा, अर्धा टाकून द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने शटरजवळचं टेबल पाहिलं.

"यह क्या है?"

"द्रौपदीचं टेबल," मी म्हणाले. "त्या नवीन काही काही..."

"दोन तास एक बाई काहीच पॅक करत नाही?"

आकड्यांत ते खरंच होतं. टेबल पॅकिंगच्या ओळीत गेलं, द्रौपदीही ओळीत गेली.

ती लगेच गप्प झाली नाही. उतरत्या टेबलांखालचे ठोकळे काढायला सांगितले, कारण नवे डबे घसरत होते, तेव्हा तिने कडेला पट्टी मारून दाखवली. मितेशने बघितलंही नाही. "मावशी, बाद में." तो 'बाद' कधी आला नाही. खणांचं जाळं बनवायला वेळ लागतो म्हणून बबल शीट आली. फूट पुन्हा वाढली, पण ती दुसऱ्या खात्यात धरली जायची, आमच्या स्क्रीनवर दिसत नसे.

कमरपट्ट्यांचं मात्र तिने सोडलं नाही. एका थप्पीला बांधायला चार मिनिटं लागायची. मितेशने ते बंद केलं आणि पट्टे भंगारात टाकायला लावले. सकाळी सगळे ओळीत उभे असताना द्रौपदी पुढे झाली.

"साहेब, थप्पी उंच करताय आता. जागा न्हाय म्हणून पाच थरांचे सात थर केलेत. पट्टा तरी राहू दे. मी दोन मिनिटांत बांधायचा करून देते. मला फक्त एक दुपार द्या."

मितेश हसला. वाईट हसला असंही नाही, दमलेला माणूस हसतो तसा. मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "देखो, आपल्या मावशींना इंजिनियर व्हायचंय. मावशी, दिमाग लगाने को ऊपर बहुत लोग हैं. तुम्ही नव्वद करा फक्त. काल किती झाले तुमचे?"

स्क्रीनवर तिच्या नावापुढे एकाहत्तर होते, लाल. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. कुणीतरी हसलं. मीही हसले असेन, मला आठवत नाही. आठवत नाही असं लिहिणं सोपं आहे.

त्या दिवसानंतर तिचे नव्वद व्हायला लागले. कसे, ते मी रोज बघत होते. ती पाणी प्यायची नाही, म्हणजे उठावं लागायचं नाही. गोदूशी बोलायची नाही. खोकं, वस्तू, शीट, टेप, खोकं. आधी ती एखादं खोकं हातात फिरवून बघायची, तेही बंद झालं. तिचं नाव हिरवं झालं. धम्मदिना एकदा डबा द्यायला आली होती, ती मला म्हणाली, "ताई, आई घरी आली की भिंतीकडे बघत बसते. आधी घरातली प्रत्येक वस्तू खोलून ठेवायची, मी वैतागायचे. आता मिक्सर बंद पडलाय महिनाभर, हात लावत नाही."

याच सुमारास वरून एक मेल आला. कंपनीला कामगारांकडून नवीन कल्पना हव्या होत्या. मितेशने एक पेटी आणली, 'सुधारणा पेटी'. प्रत्येकाने महिन्याला एक सूचना टाकायची. न टाकल्यास गुण कमी. सूचना कामाच्या वेळात लिहायची नाही. ही नोटीस मीच टाईप केली.

महिनाअखेरीला पेटी उघडायचं कामही माझ्याकडे. बहुतेकांनी लिहिलं होतं, "पंखा पाहिजे", "संडास साफ पाहिजे". गोदूने लिहिलं होतं, "साहेबांनी एक दिवस पॅकिंग करून बघावं." ती चिठ्ठी मी फाडून टाकली, तिच्याच भल्यासाठी. एक चिठ्ठी कोरी होती. मागे फक्त नाव, द्रौपदी. पुढच्या महिन्यातही कोरी. तिसऱ्याही.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तुला काय कमी सुचतं? एखादी ओळ लिही."

"काय लिवू, ताई? बसते लिवायला. काय येत न्हाय."

"पूर्वी तर..."

"पूर्वी येत होतं," ती म्हणाली आणि ओळीत परत गेली. एवढ्या बोलण्यात तिचे दोन पॅक मागे पडले होते.

तिचे गुण जाऊ नयेत म्हणून मीच तिच्या नावावर लिहिलं: 'पॅकिंगच्या जागी उजेड वाढवल्यास चुका कमी होतील.' ती सूचना वर गेली आणि महिन्याची उत्तम सूचना ठरली. प्रमाणपत्र आलं. मितेशने सगळ्यांसमोर ते द्रौपदीला दिलं, फोटो काढला. तिला कळेना काय चाललंय. फोटोत ती प्रमाणपत्र उलटं धरून उभी आहे. नंतर तिने मला विचारलं, "हे तुम्ही लिवलं ना?" मी मान डोलावली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली. दिवे काही वाढले नाहीत.

दिवाळीच्या सेलमध्ये माल इतका आला की चालायला वाट राहिली नाही. कुकरच्या थप्प्या आठ थरांच्या झाल्या. रिंगांच्या पिशव्या त्या थप्प्यांच्या मागच्या फळीवर होत्या, तिथे दिवसातून वीसदा जावं लागायचं. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला गोदू रिंगा आणायला गेली. पलीकडून एकाने मालाची हातगाडी वळवली, ती थप्पीला लागली. फार जोरात नाही. आवाज मात्र ऑफिसपर्यंत आला.

मी धावले तोवर चार-पाच जणी खोकी उपसत होत्या. द्रौपदी सगळ्यांत पुढे. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, एकेक खोकं उचलून मागे फेकत होती. गोदू खाली सापडली तेव्हा शुद्धीवर होती. "पाय कुटं हाय माजा?" असं विचारत होती. खुबा मोडला होता, उजव्या हाताची तीन बोटं चिरडली होती.

ती जगली. बोटं काढावी लागली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण ती वॉकरशिवाय आजही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसचा एक माणूस आला. त्याने मला मजकूर सांगितला, मी टाईप केला. 'सदर महिला कामगाराने सूचनांचे पालन न करता प्रवेश नसलेल्या जागेत प्रवेश केला.' खाली चार साक्षीदारांच्या सह्यांची जागा. तिघांनी न वाचताच सह्या केल्या. द्रौपदीने कागद उचलला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. फार वेळ लागला. कुणी तिला घाई केली नाही, हे त्या वर्षात पहिल्यांदाच घडलं.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "गोदू तिथं रोज जायची. रिंगा तिथंच ठेवल्यात तुम्ही."

"मावशी, फक्त सही करायची आहे," मितेश म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. तो तीन दिवस हॉस्पिटलमध्येच होता, हेही खरं.

"आनी दुसरं पण लिवा. थप्पी सकाळपासून वाकली होती. मला दिसलेलं."

"दिखा था?" मितेश उठून उभा राहिला. "दिखा था तो बोला क्यों नहीं? एक शब्द बोलायचा ना! एक शब्द!"

द्रौपदी त्याच्याकडे बघत राहिली. "आधी बोललेली, साहेब. तवा तुम्ही हसलेले."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं माझ्याबद्दलही काही बोलेल. पण ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "सकाळी दिसलं तवा मनात आलं, पट्टा हवा. लगेच दुसरं आलं, तुला काय करायचंय, तुझे नव्वद कर. मी नव्वद केले."

सही तिने केली नाही. चौथी सही दुसऱ्या कुणाकडून घेतली. खाली 'समक्ष' म्हणून माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने द्रौपदीला येऊ नको म्हणून सांगितलं. वर्षभर ती घरी चिंध्या निवडायचं काम करत होती. मितेशची बदली झाली, बढती म्हणून की शिक्षा म्हणून ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग एक दिवस श्रीनाथ सरांचा फोन आला. आई वारल्यानंतर त्यांनी पडघ्याला एका मित्राचं छोटं गोडाऊन सांभाळायला घेतलं होतं. चिनी मातीचे कप, कुंड्या. फूट फार होती. "द्रौपदी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी गोदूची विचारपूस केली. मग म्हणाले, "तिला घेऊन या."

मी तिला स्कूटीवर पडघ्याला घेऊन गेले. सरांनी खिडकीजवळ टेबल मांडून ठेवलं होतं. "पूर्ण दिवस तुझा," ते म्हणाले. "पॅकिंग नको, काही नको. फक्त हे कप बघ."

द्रौपदीने कप हातात घेतला. "किती वेळ हाय, सर?"

"वेळेचं काही नाही."

"तरी?"

पुढचं मला सरांनी सांगितलं. पहिले तीन दिवस ती टेबलाशी बसून राहिली, दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची, कुणी मोजतंय का म्हणून. चौथ्या दिवशी तिने भराभर पुठ्ठा कापायला सुरुवात केली. सर खूश झाले. संध्याकाळी बघितलं तर बरण्यांचं तेच जुनं जाळं तिने पंचवीस-तीस वेळा केलेलं. खण बरणीच्या मापाचे. कप त्यात खडखडत होते. कपाच्या कानाचा तिने विचारच केला नव्हता.

"मला ठावं हाय हे बसत न्हाय," ती म्हणाली. "पण हात हेच करतात. नवीन काय मनात आलं की आतून कोणतरी म्हणतं, असू दे, कशाला. मग ते जातं. सर, मला ओळीत घ्या. तिथं मला जमतं."

सरांनी अजून चार दिवस वाट पाहिली. शेवटी त्यांनी तिला पॅकिंगच्या ओळीत घेतलं. मला म्हणाले, "मला वाटलं होतं, जागा दिली की झालं." ती आता तिथे आहे. सगळ्यांत जास्त पॅक तिचे होतात. कुणी मोजत नाही, तरी.

परवा मी गोदूकडे गेले होते. बरेच दिवस जायचं टाळत होते. दारात वॉकर, आत गोदू खाटेवर बसलेली, केस नीट विंचरून घट्ट वेणी घातलेली. मी म्हणाले, "छान घातलीय. मुलीने?"

"द्रौपदी येते रविवारी," ती म्हणाली. "हाताला बोटं न्हाईत ना माज्या, तीच घालते. आठवडाभर सुटत न्हाय अशी घालते."

"बोलते का काही?"

"न्हाय. वेणी घालते, चहा घेते, जाते." गोदूने डाव्या हाताने वेणी पुढे घेतली. "तिला थप्पी दिसलेली म्हणे. सगळे सांगतात मला येऊन. मी तिला इचारलं न्हाय. इचारलं तर ती यायची बंद होईल."

मग तिने मला विचारलं, तुम्ही कशासाठी आलात. त्या कागदावरच्या माझ्या सहीचं सांगायला गेले होते; नुसतंच बघायला आले असं सांगितलं आणि बसून राहिले.